आप्पांचा कष्टांक

आप्पा ऐवळे हळदीचं पोतं पाठीवर घेऊन चालत असले, की त्यांच्याशी गप्पा मारता यायच्या. बाकीच्या हमालांना ओझ्याखाली कुणी हाक मारली तर उत्तरादाखल शिवी यायची. आप्पा मात्र समोरच्याच्या जावयाची चौकशी करत, ट्रकला लावलेली फळी चढत, वर जाऊन पोतं थप्पीला लावायचे आणि उरलेलं वाक्य खाली येऊन पुरं करायचे. साठी ओलांडली होती, पण त्यांच्या तोंडावर घामाचा थेंब शोधावा लागे. सगळ्या हळद बाजारात असा हमाल दुसरा नव्हता, आणि नेमकं हेच त्यांच्या मुळावर आलं.

ही गोष्ट कष्टमजुरीचा कायदा होऊन चार वर्षं झाल्यानंतरची. हा कायदा आला तो डॉ. उपासनी नावाच्या एका शरीरशास्त्रज्ञ बाईंमुळे. बाईंनी मागच्या पन्नास वर्षांची मजुरीची आकडेवारी गोळा केली आणि तिच्याशेजारी एक वेगळाच आकडा मांडला: दिवसभर ओझी वाहताना माणसाचं शरीर किती ऊर्जा जाळतं, आणि त्या दिवसाच्या मजुरीत किती ऊर्जेचं अन्न विकत मिळतं. बाजाराची उलाढाल कितीतरी पटींनी वाढली होती, व्यापाऱ्यांचे मजले चढले होते, हमालीचे रुपयेही वाढले होते. रुपये वाढत होते म्हणून तर कुणाच्या लक्षात आलं नाही. आजोबाला एका पोत्याच्या हमालीत जेवढ्या भाकरी येत, तेवढ्या नातवाला दोन पोत्यांतही येत नव्हत्या. बाईंचा आलेख पन्नास वर्षं खालीच उतरत आला होता. तो वर्तमानपत्रांत छापून आला, विधानसभेत गाजला, आणि निवडणूक जवळ असल्यामुळे कायदाही लवकर झाला.

कायद्याचं हत्यार म्हणजे नाण्याएवढी एक चकती. ती गळ्याच्या हाडाखाली चिकटवायची. ती हृदयाचे ठोके मोजायची, घामातले क्षार तपासायची, कातडीची उष्णता टिपायची आणि या तिन्हींवरून शरीरानं किती प्राणवायू खर्च केला ते काढायची. प्राणवायू कळला की जळालेली ऊर्जा कळते, तेवढं शास्त्र जुनंच होतं. दिवसाच्या शेवटी शंभरपैकी एक आकडा यायचा, तो कष्टांक. जितका कष्टांक, तितकी मजुरी. पोती किती उचलली, कुणाची उचलली, पुरुषानं की बाईनं, हा वादच मिटला.

सुरुवातीला सगळ्यांचं भलंच झालं. हमालांची मिळकत दीडपट झाली. घराघरांत दूध येऊ लागलं. व्यापाऱ्यांनी थोडे दिवस आदळआपट केली, मग हळदीचा भाव वाढवला आणि गप्प बसले.

एक गोष्ट मात्र मसुदा लिहिणाऱ्यांना सुचली नव्हती. चकती काम मोजत नव्हती, दमणूक मोजत होती. माणूस वर्षानुवर्षं एकच ओझं उचलतो तेव्हा त्याचं शरीर काटकसर शिकतं. पाठीचा कणा ओझं नेमकं कमरेवर आणून ठेवतो, पाऊल पडताना आधीच्या पावलाचा झोका वापरतो, नको तो स्नायू झोपून राहतो. तेवढंच पोतं तेवढंच अंतर नेताना कसलेला हमाल नवख्यापेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी ऊर्जा जाळतो. आणि आप्पा तर कसलेल्यांचेही गुरू. त्यांचा कष्टांक एकतिसाच्या वर कधी गेलाच नाही.

पोरांना हे कळायला वेळ लागला नाही. टोळीतला बजरंग माने पोतं पाठीवर घ्यायचं सोडून पोटाशी कवटाळून नेऊ लागला, आणि त्याचा आकडा टणाटण वर गेला. ते बघून आप्पांच्या अंगाची लाही व्हायची.

"आरं, काय लेकरू उचललंयस का पोतं? मणका जाईल की मुडद्या!"

"जाऊ द्या आप्पा. मणक्याचं पैशे न्हाई मिळत, घामाचं मिळत्यात," बजरंग हसत म्हणायचा.

टोळीचा मुकादम मल्हारी वाघमोडे मात्र असले चाळे करत नसे. बाप गेला तेव्हा मिसरूडही न फुटलेल्या मल्हारीला आप्पांनीच टोळीत घेतलं होतं, पोतं कसं घ्यायचं ते त्यांनीच शिकवलं होतं, आणि आता पन्नाशीतही तो अगदी त्यांच्यासारखाच चालायचा. तरी त्याचा कष्टांक अठ्ठ्याहत्तर, साऱ्या बाजारात सगळ्यांत जास्त. बाजार समितीनं त्याला शाल-नारळ देऊन 'आदर्श श्रमिक' म्हणून गौरवलं होतं. आप्पांचा चेला, चाल आप्पांची, मग आकडा एवढा कसा, असं कुणी विचारलं नाही. खुद्द मल्हारीनंही नाही. शाल अंगावर आल्यावर असले प्रश्न कुणाला सुचतात?

मार्च महिन्यात, हळदीचा हंगाम ऐन भरात असताना, आप्पांना समज मिळाली. सलग तीन महिने कष्टांक चाळिसाच्या खाली राहिला तर तो माणूस अंगचोर समजून त्याचं नाव टोळीतून कमी करायचं, असं कायद्यात कलम होतं. चकती लावून झाडाखाली झोपणाऱ्यांसाठी केलेलं ते कलम. इतकी वर्षं ते कुणाला लावलं नव्हतं, आता वरून कडक अंमलबजावणी आली होती. आप्पांचे दोन महिने भरले होते. तिसरा भरला की हातात झाडू आणि रोजंदारी.

आप्पांनी समज ऐकली आणि नळावर हात धुवायला गेले. त्यांची बायको तानूबाई गुडघ्यांनी घरात खिळलेली, मूलबाळ नाही. मल्हारी त्यांच्या मागोमाग गेला.

"आप्पा, एवढा महिना जरा वाकडं चाला की. बजरंगासारखं."

"म्या?"

"महिनाभर फकस्त."

"ह्या वयात कुणी मला वाकडं चालाय शिकवू नगं," आप्पा म्हणाले. त्यांना राग आला नव्हता, लाज वाटली होती. "झाडू घीन म्या. झाडायला काय हुतंय?"

मल्हारीला मात्र ते सहन होईना. बापाच्या सरणाला अग्नी दिला तेव्हा खांद्यावर ज्याचा हात होता, तो माणूस अंगचोर म्हणून बाजार झाडणार, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

हमालांच्या टोळ्यांत एक जुनी रीत होती. कुणी आजारी पडला, कुणाच्या घरी मयत झाली, की त्याचा पितळी बिल्ला दुसरा छातीला लावायचा आणि दोघांचं काम करायचा. न आलेल्याचा रोज बुडायचा नाही. याला कुणी लबाडी म्हणत नसे, टोळीत राहायचं म्हणजे हे आलंच. मल्हारीनं चकतीलाही बिल्लाच मानलं, आणि टोळीची रीत म्हटल्यावर आप्पांनाही नाही म्हणता येईना. आपली चकती त्यानं आप्पांना लावली आणि आप्पांची स्वतःला. पंधरा दिवस अशी अदलाबदल, पंधरा दिवस आपापली. दोघांचाही महिन्याचा सरासरी आकडा पन्नाशीच्या पुढे जात होता.

चकतीला माणूस ओळखायची सोय करता आली असती. प्रत्येकाच्या ठोक्याची लय निराळी असते. पण मालकाला हमालाचे कष्ट कळावेत, त्याची नाडी नव्हे, असा आग्रह धरून संघटनेनंच ती सोय काढायला लावली होती. तेही बरोबरच होतं. आणि बाजाराच्या फाटकावर आता माणसाचं तोंड कुणी बघत नसे, यंत्रासमोर चकती धरली की झालं. बोटांचे ठसे घ्यायचा नाद तर केव्हाच सोडला होता, कारण पोत्यांनी हमालांच्या बोटांवर रेघ म्हणून ठेवली नव्हती.

मल्हारीची बायको कौसाबाई हिला हे समजलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चांगलं केलंत. पर तुमी रातच्याला उशाला दोन उशा का घेताय आताशा?"

"दम लागतोय जरा. हंगाम हाय."

एप्रिलच्या एका दुपारी मल्हारी फळीवर मधोमध थांबला. पाठीवर पोतं होतं. डोळ्यांपुढचा ट्रक एकदम लांब गेला, कानांत दडे बसले, आणि छातीत कुणीतरी मूठभर फुटाणे उधळल्यासारखं झालं. आप्पा त्याच्या मागेच होते. त्यांनी आपलं पोतं टाकून दिलं, मल्हारीला कमरेत धरलं आणि फळीवरून अलगद खाली आणलं. पाणी पाजलं, छपराखाली निजवलं. थोड्या वेळानं ठोके जाग्यावर आले.

"ऊन लागलं," मल्हारी म्हणाला.

आप्पा मल्हारीच्या गळ्याखाली बघत होते. चकती लाल झाली होती, म्हणजे आरोग्य केंद्राला धोक्याची सूचना गेली होती. ती आप्पांची होती.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं, बाबू ऐवळे यांच्या, म्हणजे आप्पांच्या नावानं. बाजाराच्या आरोग्य केंद्रात डॉ. तांबोळी नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. आप्पांबरोबर मुकादम म्हणून मल्हारी गेला. डॉक्टरांनी आप्पांना तपासलं, छातीचा आलेख काढला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आत्ता सगळं नीट दिसतंय. पण हा झटका येऊन जाऊन असतो. चकतीनं जे टिपलंय ते भयंकर आहे, आजोबा. हृदय मोठं झालंय तुमचं. साध्या कामालाही ते दुप्पट राबतं, म्हणून तर हल्ली तुमचा कष्टांक एवढा वाढलेला दिसतोय."

मल्हारीला शाल आठवली. तो भिंतीला टेकला.

डॉक्टर पुढं सांगत होत्या, "आता ओझं उचलायचं नाही. एकसुद्धा नाही. पुढचा झटका उद्या येईल किंवा वर्षानं, पण तो ओझ्याखाली आला तर माणूस हाती लागणार नाही. घाबरू नका, कामावर असताना चकतीनं टिपलेली झीज आहे, त्यामुळे जन्मभर अर्धी मजुरी घरी येईल. घरी आजारी पडला असतात तर एक पैसा मिळाला नसता."

मल्हारीनं तोंड उघडलं. चकती माझ्या छातीवर होती, एवढंच सांगायचं होतं. पण केंद्राच्या दारावरच पाटी होती: चकतीची अदलाबदल केल्यास दोघांचीही नावं कायमची कमी, भरपाई रद्द. आणि तो विचार करतो आहे तेवढ्यात आप्पा बोलले.

"चक्कर आली तवा फळीवर हुतो बगा," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. "ट्रक लांब गेल्यागत झाला. छातीत फुटाणं उडल्यागत."

मल्हारीनं त्यांना पाणी पिताना सांगितलेलं सगळं त्यांनी जसंच्या तसं म्हणून दाखवलं. डॉक्टरांनी सही केली.

त्या दुपारी मल्हारीच्या घरी चौघं बसले: मल्हारी, कौसाबाई, आप्पा आणि बजरंग. बजरंगला अजून सगळा आनंदच होता. आप्पांना बसून पैसे! मग त्याला खरं काय ते सांगितलं, तेव्हा तो डोकं खाजवत म्हणाला, "मग सोपं हाय की. मुकादमांनी आपलीच चकती लावावी आन् एकदा परत चक्कर येऊ द्यावी. दोघंबी घरी बसून खातील."

कौसाबाईनं त्याच्याकडे अशी काही नजर टाकली, की त्यानं घाईघाईनं चहाचा कप तोंडाला लावला.

"माझ्या नावची अर्धी मजुरी हितं येईल," आप्पा म्हणाले. "तुज्या नावानं म्या पोती उचलीन. तुजं नाव हाय तसं ऱ्हाईल, म्या हाय तसा ऱ्हाईन. मला काय झालंय? माझं काळीज ठणठणीत हाय."

"तुमच्या वयाला आप्पा? म्या घरात बसू आन् तुमी—"

"तू काय बसाय चाललायस? मरायचा ऱ्हायलायस."

मल्हारी नाही म्हणत राहिला. त्याला खरंच नको होतं, आणि त्याच वेळी त्याला जगायचंही होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. शेवटी कौसाबाईच म्हणाली, "मला मुकादम नगंय. मला माणूस पायजे." मग त्यानं आपली चकती काढून आप्पांच्या हातात ठेवली.

पुढचे काही महिने सुखाचे गेले. आप्पांचा खरा आकडा एकतीस, पण मल्हारीची चकती आठवड्यातले चार दिवस टोळीतली पोरं आप्पांशी अदलाबदल करून आळीपाळीनं लावत, त्यामुळे नावाला धक्का लागत नव्हता. मल्हारीची धाप कमी झाली, पायांची सूज उतरली. तो एका उशीवर झोपू लागला. आप्पांच्या नावचे पैसे त्याच्या घरी येत, त्याच्या नावचे आप्पांच्या. तानूबाईच्या गुडघ्यांना नवं औषध चालू झालं.

ही शक्कल फक्त याच टोळीला सुचली असती तर सारं तसंच चालू राहिलं असतं. पण बिल्ल्याची रीत सगळ्या राज्यात होती. गावोगावच्या टोळ्यांनी आपापले म्हातारे, आजारी, अशक्त असेच सांभाळून घेतले होते. वर्षअखेरीस सरकारी अहवाल आला, की हमालांमधली कष्टांची विषमता जवळजवळ संपुष्टात आली आहे. विशीचा असो, साठीचा असो, सगळे सारखेच राबतात आणि सारखंच मिळवतात. कायदा झाल्यापासून प्रथमच वय आणि कष्टांकाचा आलेख आडवा झाला होता. परदेशांतून अभ्यासक आले. सत्कार झाले. मग एका संख्याशास्त्रज्ञाला शंका आली, की शरीरं वेगवेगळी असताना आकडे इतके एकसारखे कसे? माणसं अशी नसतात, असं त्यानं अहवालाच्या समासात लिहिलं. ते खोटं नव्हतं.

नवी चकती तांदळाच्या दाण्याएवढी निघाली. ती कातडीखाली सुईनं सोडायची. एकदा बसली की डॉक्टरनं कापल्याशिवाय निघणार नाही.

शिबिर बाजाराच्या लिलावगृहात भरलं. टोळ्या रांगांनी बसल्या होत्या. मल्हारी मागं, बघ्यांत उभा होता. रजिस्टरवरचे फोटो वीस वर्षांपूर्वीचे, मिशी असलेला प्रत्येक माणूस दुसऱ्यासारखा दिसणारा. जिल्ह्याहून आलेला एक नवखा कारकून नावं पुकारत होता.

"बजरंग माने."

बजरंग गेला, सुई टोचून आला.

"मल्हारी वाघमोडे."

मल्हारीचा पाय आपोआप पुढं सरकला. माणसाला आपल्या नावाची सवय असते. पण त्याच्याआधी आप्पा उठले होते. मळकी टोपी नीट करत, धोतराचा सोगा सावरत ते टेबलाशी गेले, सदऱ्याची गुंडी काढली आणि मान वर केली.

"वय जास्त वाटतंय हो," कारकून म्हणाला.

"हमाली हाय सायब," आप्पा म्हणाले. कारकून हसला. सुई आत गेली.

त्या क्षणापासून आप्पा कायमचे मल्हारी झाले. आता त्यांचा आकडा दुसरा कुणी वाढवू शकत नव्हता. पहिल्या महिन्यात तो बत्तीस भरला, दुसऱ्या महिन्यात एकतीस. तिसरा चालू झाला. या महिन्यात चाळीस गाठले नाहीत तर मल्हारी वाघमोडे हे नाव कमी होणार होतं, नियमाप्रमाणे आरोग्य केंद्रात चकती परत काढून तपासली जाणार होती, आणि मल्हारीच्या चकतीत साठी ओलांडलेलं ठणठणीत काळीज सापडलं की दोन्ही घरं उघड्यावर येणार होती. शिवाय मल्हारीला परत ओझ्याखाली जावं लागणार होतं, आणि तेही दुसऱ्या कुठल्या तरी बिनचकतीच्या बाजारात.

मल्हारी जेवणाच्या वेळेला बाजारात आला. थप्पीच्या आडोशाला बजरंग आप्पांना शिकवत होता. पोतं पाठीवर नाही, पोटाशी. पाय जवळ नाहीत, फाकून. श्वास पावलाबरोबर सोडायचा नाही, कोंडायचा. आप्पा पोतं पोटाशी घ्यायचे, दोन पावलं वाकडी टाकायचे, आणि तिसऱ्या पावलाला त्यांचं शरीर आपसूक सरळ व्हायचं, पोतं आपणहून खांद्यावर जायचं. बजरंग ते खाली ओढायचा. आप्पांना राग यायचा तो स्वतःच्या अंगाचा. चार दशकं ज्या अंगानं त्यांचं ऐकलं, ते आता ऐकत नव्हतं.

"पुन्यांदा," आप्पा म्हणाले.

या खेपेला त्यांनी दात आवळले. पोतं पोटावर दाबून, मान पुढं काढून, कण्याला बाक देत ते फळीकडे निघाले. फळीवर पाय लटपटला. गळ्याच्या शिरा टरारून आल्या. वर गेले, पोतं टाकलं, कठड्याला धरून उभे राहिले. सदरा पाठीला चिकटला होता, आणि आप्पा धापा टाकत होते. मल्हारीनं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, धावत जावं, त्यांना धरून खाली आणावं आणि सगळं जाऊन सांगून टाकावं, काय व्हायचं ते होऊ दे. त्याला स्वतःची एवढी लाज जन्मात कधी वाटली नव्हती.

आप्पा कमरेवर हात ठेवून खाली उतरले. बजरंगनं फाटकावरच्या यंत्रासारखं छोटं यंत्र त्यांच्या गळ्याजवळ धरलं.

"ह्या खेपंचा अडतीस," तो म्हणाला.

आप्पांनी मल्हारीकडे बघितलं. परीक्षेला बसलेल्या पोरानं मास्तरकडं बघावं तसं.

"बरोबर चुकतंय न्हवं रं आता?"

मल्हारीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं पुसलं नाही. आपलं काळीज आत संथ, बिनधास्त चाललेलं त्याला ऐकू येत होतं.

"कमरंत अजून वाका, आप्पा," तो म्हणाला. "थोडं कमी पडतंय."